बाभळीचा बैल

बोरगावात केशवरावांना एकटं पाहिलंय असं सांगणारा माणूस मिळाला नसता. दिसायचे ते दोघं दिसायचे. केशवराव आणि त्यांच्या डाव्या कडेवर त्यांची नात पुनी. संत्र्याच्या बगीच्यात ओलीत करायला निघाले तरी पुनी कडेवर, सौंसरच्या बाजारात गेले तरी पुनी कडेवर, आणि कोणाशी भांडायला उभे राहिले तरी पुनी कडेवरच. उजवा हात हवेत फिरायचा, आवाज पार मारुतीच्या पारापर्यंत जायचा, आणि डाव्या हातावर पोरगी निवांत अंगठा चोखत बसलेली. भांडण तर रोजचंच होतं, कारण केशवरावांचा राग नाकाच्या शेंड्यावर. पुनीला त्या आरडाओरड्यात झोप मात्र छान लागायची.

पुनी म्हणजे पौर्णिमा. सातव्या महिन्यातच आली बिचारी. केशवराव सांगायचे, दोन संत्र्यांएवढी होती, तिसरं ठेवलं असतं तर तराजू तिकडे झुकला असता. जगते की नाही अशी धाकधूक होती, पण जगली. तेव्हापासून घरानं तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जमिनीवर विंचू असतो, अंगणात कोंबडा टोचतो, ओसरीची पायरी उंच आहे. पोरीचा पाय भुईला लागू द्यायचा नाही असा नवस काही कोणी बोललं नव्हतं, पण घर वागायचं ते तसंच. केशवराव दमले की त्यांची बायको देवकाबाई घ्यायची, देवकाबाई कामाला लागली की सून कुसुम, आणि कुसुमही नसली तर सारी गल्ली होतीच. पुनीनं नुसतं बोट दाखवायचं. “ते दे.” की ते आलंच हातात.

जीभ तिची आजोबांवर गेली होती, लवकर चालायला लागली. पाय काही चालेनात. अडीच वर्षं उलटून गेली, बरोबरीची पोरं गल्लीत पळायला लागली, आणि पुनी फार तर कुसुमचा पदर धरून उभी राहायची, दोन क्षणांत मटकन बसायची.

शेवटी कुसुम सासऱ्यांना न विचारता तिला सौंसरला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, गुडघ्यावर ठोकलं, तळव्याला गुदगुल्या केल्या. पुनीनं लाथ झाडली ती थेट त्यांच्या चष्म्यावर. डॉक्टर खाली वाकून चष्मा शोधत म्हणाले, “अशी लाथ मारणाऱ्या पोरीच्या पायात काय दोष असणार? दोष तुमच्या घरच्या कडेत आहे. खाली ठेवा तिला. खेळू द्या, पडू द्या.”

कुसुमनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि केशवराव भडकले. “पडू द्या म्हनते? त्याच्या बापाचं काय जाते पडू द्याले! माह्या बगीच्यात ये म्हना एकदा, विंचू दाखोतो.”

“मामाजी,” कुसुम खाली मान घालून पण ठाम बोलली, “उद्या शाळेत कडेवर घेऊन बसान का तिले?”

केशवराव उठले. पुनीला उचललं आणि बगीच्यात निघून गेले.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती त्यांनी देवकाबाईलाही सांगितली नव्हती. त्यांना भीती वाटायची. पोरगी कडेवर आहे तोवर ती नुसती लाडाची आहे. खाली ठेवली आणि खरंच चालली नाही, तर गाव तिला एका शब्दात लंगडी म्हणून मोकळं होईल. तो शब्द ऐकायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून ते ठेवतच नव्हते.

पंच्याऐंशी सालचा पावसाळा होता. गावात नवीनच अंगणवाडी सुरू झाली होती आणि मोहगावची मालती तिथं बाई म्हणून आली होती. पंचायतीची एक खोली, समोर अंगण, एक काळा फळा आणि दलियाचं पोतं, एवढा सगळा संसार. खेळणी वरून येणार होती. ती येतच होती, येतच होती, आणि पोरं तोवर मोठी होऊन राहिली होती. मालतीनं वाट पाहणं सोडलं. कोणाकडून सायकलचा फाटका टायर मागितला, कोणाकडून बारदाना, कोणाकडून विहिरीचा टाकलेला दोर, आणि एक दिवस केशवरावांच्या बगीच्यात येऊन उभी राहिली.

आंबिया बहराची फळं त्या दिवसांत गळत होती. झाडाखाली हिरव्या संत्र्यांचा सडा. बगीचेवाल्याला त्या वेळी कोणी बोलू नये, आणि केशवरावांना तर मुळीच नाही.

“काकाजी, ही गळ घेऊन जाऊ का? पोट्ट्यांले खेळाले पाहिजे.”

“आमचं नशीब सांडून राहिलं बाई इथं, अन् तुमाले खेळ सुचून राहिला?”

“सडूनच जाईन ना तसंही,” मालती म्हणाली.

हे खरं होतं, आणि खऱ्या गोष्टीवर केशवरावांना ओरडता येत नसे. “घेऊन जा,” ते म्हणाले. मग आपल्या फळांचं ही बाई करते तरी काय, ते बघायला दुसऱ्या दिवशी स्वतःच अंगणवाडीत गेले. पुनी अर्थातच कडेवर.

तिथं तर जत्राच भरली होती. मालतीनं दोर भुईवर नागमोडी टाकला होता आणि पोरं दोन्ही हात पसरून त्यावरून चालत होती, दोराच्या दोन्ही बाजूंना मगर आहे असं ठरलेलं होतं. टायर आडवे मांडले होते, त्यात टुणकन उडी मारायची, त्यातून बाहेर यायचं. आणि केशवरावांची हिरवी संत्री अंगणभर लोटून दिलेली. पोरं उकिडवी बसून एकेक उचलायची, उठायची, पळत जाऊन टोपलीत टाकायची. टोपली भरली की मालती ती परत पालथी करायची. पोरं चिडण्याऐवजी खिदळायची.

पुनीनं अंगठा तोंडातून काढला. टोपलीकडे बोट केलं. “ते दे.”

केशवराव वाकले, तोच मालती समोर. “नाही काकाजी. इथं कोणी कोणाले देत नाही. ज्याले पाहिजे त्यानं घ्याचं. खाली ठेवा तिले.”

“वली हाय जमीन.”

“बारदाना टाकते.”

झालं, पुनी बारदान्यावर बसली, आणि संत्रं तिच्या हातापासून वीतभर दूर. हात पुढे केला, पोचला नाही. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मालतीकडे पाहिलं. मालती दुसऱ्या पोराचं नाक पुसायला वळली तशी केशवरावांनी पायाच्या अंगठ्यानं संत्रं हळूच ढकललं. पुनीनं ते पकडलं आणि हसली.

“काकाजी,” मालती न वळताच म्हणाली, “तुमचं नाव मी दाखल केलं नाही. तुमी फाटकाबाहेर उभे राहा. अन् हात मागं बांधून.”

साऱ्या गावाला दम देणारा तो माणूस, आपल्या सुनेच्या वयाच्या पोरीचं ऐकून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. पुनीनं भोकाड पसरलं. केशवरावांची बोटं एकमेकांत इतकी गुंतली की नखं रुतली. बारदान्यावर पोरगी रडली, थांबली, परत रडली, आणि कोणीच येत नाही म्हटल्यावर पोटावर पडून, सरपटत जाऊन संत्रं घेऊन आली. मग तिला वाटलं, दुसरंही घ्यावं.

त्यानंतर रोजचंच झालं. पुनी आत, आजोबा फाटकाबाहेर हात बांधून. मालती तिला संत्रं भुईवर देईना, टायरांची चवड करून त्यावर ठेवी, म्हणजे धरून उभं राहिल्याशिवाय मिळू नये. पुनी उभी राहायला लागली. टायर धरून बाजूला सरकायला लागली. बारदान्यात बसवून पोरं तिला ओढत न्यायची तेव्हा दोरी घट्ट धरून तोल सांभाळायला लागली. पण धरायचं सोडून पाऊल टाक म्हटलं, की मटकन बसायची आणि हात वर करायची. मालतीही हैराण झाली. “अंगात बळ आलं आहे तिच्या,” ती कुसुमला म्हणाली, “पण कोणीतरी उचलन, हे काही डोक्यातून जाऊन नाही राहिलं.”

तान्हा पोळा जवळ आला होता. पोळा मोठ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा पोरांचा. लहान लहान पोरं आपापले चाकाचे लाकडी बैल सजवून, ओढत पारापाशी आणतात, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात, कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. यंदा पुनीनं आपला बैल आपल्या पायानं पारापर्यंत न्यावा, एवढीच केशवरावांची इच्छा होती. बोलून दाखवत नव्हते, पण घरात सगळ्यांना कळत होतं.

पांढुर्ण्याच्या बाजारातून त्यांनी एक सुबक हलका बैल आणला. पुनीनं त्याच्या पाठीवर हात टेकून उभं राहायचा प्रयत्न केला, बैल सुर्रकन पुढे पळाला, आणि पोरगी तोंडावर आपटली. ओठ फुटला. केशवरावांनी तो बैल छपरावर फेकून दिला.

आणि मग त्यांनी जे केलं त्याला शहाणपणा कोणी म्हणणार नाही. बांधावर वादळात पडलेली जुनी बाभूळ होती. ती घेऊन ते नत्थूजी सुताराकडे गेले. शेजारच्या बगीच्याचे पुंडलिकराव दरवर्षी नातवासाठी गावातला सगळ्यात मोठा बैल काढायचे आणि वर्षभर त्याबद्दल बोलायचे. केशवरावांना त्यांच्याहून मोठा पाहिजे होता.

“बाभळीचा?” नत्थूजी म्हणाला. “केशवराव, हा बैल पोट्टी नाही ओढत. बैलच पोट्टीले बसवून ठेवन.”

“तू कर. पैसे मी देऊन राहिलो का तू?”

बैल घरी आला तो दोघांनी उचलून. चांगला पुनीच्या छातीएवढा उंच, शिंगं झोकदार, आणि वजन असं की चाकं फिरताना कुर्र कुर्र रडायची. दोरी पुनीच्या हातात दिली. तिनं ओढली, बैल ढिम्म हलला नाही, दोरी हातातून सुटली.

देवकाबाईनं कपाळावर हात मारला. “आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, असं झालं तुमचं. पोरीसाठी केला का पुंडलिकरावासाठी?”

बैल ओसरीत उभा राहिला, येताजाता सगळ्यांच्या पायात यायला लागला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बैलांचे खांदे शेकले. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पुनी कडेवरून बोलली तेच शब्द, बोबड्या आवाजात, आणि दोन्ही बैलांना सांगून झाल्यावर म्हणाली, ओसरीतल्यालाही सांगा. केशवरावांनी बाभळीच्या बैलालाही हळद लावली.

आणि पोळ्याच्या दिवशी एक असं झालं, जे त्या घरात कधीच झालं नव्हतं. एकही हात मोकळा नव्हता.

कुसुमचे हात पुरणात, देवकाबाई चुलीशी पोळ्या लाटत, पुनीचा बाप नदीवर बैल धुवायला गेलेला. बैल धुऊन आल्यावर तो ते धरून उभा, आणि केशवराव अंगणात शिंगं रंगवायला बसले, कोपरापर्यंत लाल रंगानं माखलेले. पुनीला नवा पांढरा झगा घालून ओसरीत बसवलं होतं. तिनं हात वर केले. “आबाजी, घे.”

“थांब वं माय. हात खराब हायेत.”

“आई, घे.” आईचे हात पुरणात. “आजी, घे.” आजीची पोळी तव्यावर. पुनीनं साऱ्यांना एकेकदा बोलावून पाहिलं, मग रडून पाहिलं. शेजारीपाजारीही आज आपापल्या बैलांत गुंतलेले. केशवराव दोनदा उठायला गेले, पण रंग ओला, आणि कुसुमनं सक्त सांगितलं होतं, झग्याला डाग नको.

रडणं थांबलं. थोड्या वेळानं ओसरीतून आवाज आला. कुर्र.

केशवरावांनी मान वर केली. पुनी बाभळीच्या बैलाच्या मागे उभी होती, दोन्ही हात त्याच्या पुठ्ठ्यावर टेकून. बैल जड, तो काही पळणार नव्हता. तिनं पोट लावून रेटलं. कुर्र. एक पाऊल. परत रेटलं. कुर्र. बैल बोटभर सरकला की पोरगी बोटभर पुढे. पडायची भीतीच नव्हती, कारण तेवढ्या वजनाला टेकल्यावर पडणार कुठं?

देवकाबाई स्वयंपाकघराच्या दारात लाटणं घेऊन उभी होती. करपल्याचा वास आला तरी हलली नाही. “अवो,” ती हळू म्हणाली, “तुमच्या येडेपणाले फळ आलं बरं.”

केशवरावांनी डोळे पुसले. दिवसभर मग तोंडावर लाल रंग घेऊन फिरले.

दुसऱ्या दिवशी अर्धा गाव पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहायला गेला. केशवरावांनी उभ्या जन्मात गोटमार चुकवली नव्हती, पण त्या दिवशी ते धोतरात मुंगी शिरल्यासारखे सकाळपासून अंगणातच घिरट्या घालत होते. दुपारी पोरांची रांग निघाली. सगळी पोरं दोऱ्या धरून पुढे, बैल मागे. एक पुनी तेवढी मागे, आणि बैल पुढे.

पुंडलिकराव पाराजवळ नातवाचा हात धरून उभे होते. “काहो केशवराव, पोट्टी बैलाले ढकलून काऊन राहिली? बंद पडली का जीप?”

लोकांना वाटलं, आता पेटणार. पण केशवराव म्हणाले, “हाव ना. धक्का दिल्यावरच सुरू होते.” आणि हसले.

पार थोडाच राहिला होता. हापशीच्या नालीजवळ चिखल होता, तिथं बैलाचं पुढचं चाक रुतलं. पुनीनं रेटलं. परत रेटलं, चेहरा लाल झाला. मागची रांग थांबली. तिनं वळून पाहिलं. “आबाजी, काढ.”

केशवराव निघालेच होते. पोरांबरोबर चालणारी मालती शेजारीच होती, ती हळूच म्हणाली, “काकाजी, हात.”

केशवरावांनी हात मागे नेले, बोटांत बोटं अडकवली. सारं गाव पाहत होतं. तोच तो क्षण, ज्याला ते एवढे दिवस भ्यायले होते. पोरगी मधोमध उभी, बैल अडलेला, आणि उचलायला कोणी नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुनीला राग आला. राग आजोबांकडूनच आलेला, सोन्यासारखा अस्सल. तिनं बैलाला सोडलं आणि काय अडलंय ते बघायला सरळ पुढे चालत गेली. धरायला काही नव्हतं. डुलत, पाय फाकवत, पुठ्ठ्यापासून शिंगांपर्यंत गेली, रुतलेल्या चाकाकडे पाहिलं आणि त्याला एक लाथ घातली. आपण चाललो हे तिच्या लक्षातही आलं नाही. गावाच्या मात्र आलं. कुसुम मटकन हापशीच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

तिचं रडणं ऐकून केशवरावांनी डोळे उघडले. मग मात्र मालती नाही की कोणी नाही. ते चिखलातून धावत गेले, वाकले, दोन्ही हात पसरले.

पुनीनं त्यांच्या हातांकडे पाहिलं, मान हलवली. “नाई.”

“ये वं माय.”

“नाई. बैल घे. त्याचा पाय दुखते.”

केशवराव तसेच वाकलेले राहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी तो बाभळीचा बैल चिखलातून उपसला, खांद्यावर टेकवून हळूहळू डाव्या कडेवर घेतला. पुनी पुढे चालायला लागली, चार पावलं की बूड टेकवायची, परत उठायची. हात कोणाला दिला नाही. केशवराव मागून, कडेवर चिखलानं भरलेला बैल, धोतराची वाट लागलेली, डोळ्यांतून धारा. पुंडलिकराव बाजूनं चालायला लागले. “द्या इकडे थोडा वेळ, कंबर जाईन तुमची.”

“नको,” केशवराव म्हणाले. “तिनं मले सांगतलं हाय.”

संध्याकाळी व्हायचं तेच झालं. डावा खांदा उतरला, हात वर होईना. केशवराव ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. देवकाबाई हळद-तूप चोळून देत होती आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

ते हसले नाहीत. “कड रिकामी रिकामी लागून राहिली वं,” ते म्हणाले.

“लागन काही दिवस,” देवकाबाई म्हणाली. तिचा हात खांद्यावरच थांबला. वाटीतलं तूप संपलं होतं, दुसरी वाटी चुलीपाशी राहिली होती. उठायला दोघांच्याही जिवावर आलं होतं. केशवरावांनी सवयीनं, कोणाला म्हणून नाही, नुसतं बोट केलं. “ते दे.”

पुनी उंबऱ्यावर बसली होती. ती उठली, भिंत धरून चुलीपर्यंत गेली, वाटी दोन्ही हातांत घेतली. मग भिंत धरायला हात उरला नाही, तशीच आली. अर्धं तूप झग्यावर सांडलं. उरलेलं तिनं आजोबांच्या हातात दिलं.